चाकाविना मडके

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली, ती कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांतले १००० कार्षापण 'कुलरिक' श्रेणीकडे होते. कुलरिक म्हणजे कुंभार, असे अभ्यासक मानतात. मडकी घडवणाऱ्यांची पत एवढी होती! पुढे याच मडक्याचे काय केले गेले, ते बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवले आहे : पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधावे लागे. म्हणून हे काम आपल्या घरातल्या मुलामुलींनी एकदा तरी स्वतःच्या हातांनी करावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

हे काम चाकावाचूनही होते. १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी नाशिक व संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्याची काळ्या नक्षीची तांबडी भांडी चाकावरची. पण त्याच संस्कृतीच्या इनामगावात जाडीभरडी भांडी हाताने केलेली सापडली. तान्ही बाळे दगावली की अशीच दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली त्यांना पुरत. आईच्या पायाखालीच ठेवत असतील काय?

आपल्याकडची काळी माती चिकट खरी, पण वाळताना फार आकसते आणि तडकते. त्यापेक्षा नदीकाठचा गाळ घ्यावा. खडे वेचून तो चाळावा, थोडी बारीक वाळू आणि राख घालून कणकेसारखा मळावा. ओल्या गोणपाटाखाली चार दिवस मुरू द्यावा. जुन्या मडक्याच्या बुडावर राख भुरभुरून त्यावर माती थापली की तळ तयार होतो. मग बोटाएवढ्या जाड वळ्या करून एकीवर एक रचाव्यात आणि प्रत्येक सांधा आतून-बाहेरून बोटाने पुसून घ्यावा. इथे आळस केला तर भांडे नेमके तिथेच फुटते. आत गुळगुळीत गोटा धरून बाहेरून लाकडी फळीने हलके थापटले की भिंत पातळ आणि घट्ट होते. अर्धवट सुकल्यावर नदीतल्या गोट्याने घोटावे, छान चकाकी येते.

सावलीत आठ-दहा दिवस तरी वाळू द्यावे. ओल राहिली तर आत वाफ कोंडून भांडे फुटते. भाजायला गोवऱ्या आणि पेंढा पुरे, मात्र जागा मोकळी हवी, घर आणि गंजी दूर हवी. सुमारे ६०० अंशांच्या पुढे माती कायमची बदलते, पाण्यात विरघळत नाही. मोकळी हवा मिळाली तर भांडे तांबडे, धुरात कोंडले तर काळे. रात्रभर राखेतच राहू द्यावे, घाईने उघडू नये. सकाळी टिचकी मारून पाहावी. खणखणीत वाजले तर पाणी भरावे. पहिले दोन दिवस ते पाझरेल, पण पाणी गार होईल.