समुद्राची उंची मोजतात तरी कशी?

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली तुम्ही पाहिलीच असेल. पण समुद्र तर भरती-ओहोटीने सारखा वरखाली होतो. मग त्याची सपाटी ठरवायची कशी?

सर्वांत जुनी रीत साधी आहे. बंदराच्या धक्क्याला विहिरीसारखी नळी उभी करतात. तिच्या तळाशी लहान भोक असते. त्यामुळे लाटांची खळबळ बाहेरच राहते, भरतीचे पाणी मात्र आत चढते. आत तरंगणारा फ्लोट तारेने पेन हलवतो आणि कागदावर रेघ उमटते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. अशाच नऊ बंदरांच्या नोंदींवरून १९०९ साली आपल्याकडची सरासरी समुद्रसपाटी ठरली. मात्र एक खोट आहे. नळीखालची जमीन खचली, तरी समुद्रच चढल्यासारखा दिसतो!

दुसरी रीत उपग्रहाची. रडारची लहर पाण्यावर आपटून परत येण्यास किती वेळ लागला, त्यावरून उंची काढतात. भर समुद्रातही मोजता येते. पण उपग्रह एका जागी थांबत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी एका उपग्रहाने साठ सेंटीमीटरची लाट टिपली. पण ती माहिती हाती येईपर्यंत आपल्या पूर्व किनाऱ्यावर अनर्थ होऊन गेला होता.

तिसरी रीत पाण्याचा भार मोजण्याची. दर दहा मीटर खोलीला चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो दाब वाढतो. हजारो मीटर खोल तळावर ठेवलेला दाबमापक वरचा सेंटीमीटरभर चढउतारही ओळखतो. तो तरंगत्या बोयाला आवाजाने खूण देतो, बोया उपग्रहाला कळवतो आणि काही मिनिटांत खबर किनाऱ्यावर येते. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून याच कामी आहे.

मग दाबमापकच पुरेसा का नाही? पाणी तापले की फुगते, उंची वाढते. पण वजन तेवढेच राहते. जमिनीवरचा बर्फ वितळून आला, तर उंची आणि वजन दोन्ही वाढतात. म्हणून समुद्र का चढला हे कळायला सगळ्या रीतींचा मेळ घालावा लागतो.

१९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी सुमारे वीस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर चढला. खाडीकाठी ज्यांची खार जमीन आहे, त्यांनी बांध घालताना ही वीत धरूनच चालावे.