विमानाच्या पंखाचे टोक आणि संथ गती



मुंबईतील चारकोप येथे वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचे चाचणी उड्डाण झाले. ‘अशा विमानाची खरी कसोटी कुठे लागते?’ असे मुले आम्हांस विचारतात. उत्तर आहे: उतरताना, संथ गतीत. सायकलसुद्धा अगदी हळू चालवली की डगमगते, तसेच हे आहे.

पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो व वरती कमी. त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घेऊन वर येते आणि मागे भोवरा तयार होतो. भोवरा जितका जोरकस, तितकी विमानाला मागे ओढ अधिक. गती कमी असताना विमान तोलून धरण्यासाठी पंख हवेशी जास्त तिरका धरावा लागतो, म्हणून ही ओढ संथ गतीतच सर्वांत वाढते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. पंख फार तिरका झाला की वरची हवा त्याला सोडून देते व उचल एकदम घटते. यास ‘स्टॉल’ म्हणतात. विमान डावीकडे-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या पंखाच्या बाहेरच्या भागात असतात. स्टॉल टोकाकडून सुरू झाला, तर त्या पट्ट्या निकामी होतात, एक पंख खाली पडतो आणि विमान गिरकी घेते. जमिनीजवळ सावरायला उंचीच उरत नाही.

म्हणून अनेक विमानांत पंखाचे टोक मुळापेक्षा थोडे खाली पिळलेले ठेवतात. मग स्टॉल मुळाशी आधी होतो, विमान थरथरून इशारा देते आणि टोकाकडील पट्ट्या काम करीत राहतात.

काही विमानांच्या टोकांना उभी पाती असतात. अमेरिकेतील बर्ट रुटान यांच्या १९७५ सालच्या ‘व्हेरीइझ’ या घरी बांधता येणाऱ्या विमानास ती होती. त्यांनी भोवऱ्याची ओढ कमी होते, परंतु वजन वाढते आणि पंखाच्या मुळावर ताणही येतो. केवळ दिसायला छान म्हणून ती लावू नयेत. टोकात बदल केल्यास स्टॉलची चाचणी आधी भरपूर उंचीवर घेतली पाहिजे.

दमणगंगेवर घिरट्या घालणारी घार नीट पाहा. तिच्या पंखांच्या टोकांची पिसे बोटांसारखी सुटी असतात, त्यामुळे एका मोठ्या भोवऱ्याचे लहान लहान भाग होतात.

मुलांनो, शेपटीचे पुठ्ठ्याचे ग्लायडर बनवा. दोन्ही पंखांच्या टोकांची मागची कड सारखीच, किंचित वर वळवा. आधी व नंतर ते हळू सोडून पाहा. कोणते सरळ उतरते, ते वहीत लिहून ठेवा. पालकांनी या कामी मुलांना थोडा वेळ द्यावा, ही विनंती.