शंभरातले सहा

राज्य शासनाच्या मानधन योजनेत दरवर्षी एका जिल्ह्यातून १०० ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंत निवडले जातात. नांदेड जिल्ह्यात तालुके १६. निवड तालुकावार समान होते असं नाही, पण अंदाजासाठी भागाकार केला तर मुखेड तालुक्याच्या वाट्याला वर्षाला सहा माणसं येतात. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब आणि बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या वाड्या-तांड्यांसकट सहा. गोंधळी, वाघ्या-मुरळी, आराधी, भारूड म्हणणारे, मृदंगी, सनईवाले, भीमगीतांचे शाहीर, तांड्यावर लेंगी गाणारे, आणि शिवाय लिहिणारे, एवढे सगळे त्या सहांत बसवायचे आहेत.

मुखेडची हद्द ओलांडून जळकोटला गेलं की लातूर जिल्हा लागतो. तिथे तालुके दहा, म्हणजे तालुक्यामागे दहा माणसं. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार, लातूरची २४ लाख ५४ हजार आणि सिंधुदुर्गची साडेआठ लाख होती. शंभराचा आकडा मात्र तिन्हीकडे एकच. म्हणजे सिंधुदुर्गात साडेआठ हजार लोकांमागे एक कलावंत, लातुरात साडेचोवीस हजारांमागे आणि नांदेडात साडेतेहतीस हजारांमागे. सिंधुदुर्गातल्या दशावतारी कलावंताच्या ताटातलं काढून घ्या असं मला मुळीच म्हणायचं नाही. नांदेडचा आकडा वाढवा, एवढंच म्हणणं आहे.

ही योजना १९५४-५५ सालची, तेव्हाच्या मुंबई राज्यातली. मुखेड त्या वेळी हैदराबाद राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यानंतरच इथल्या कलावंतांना तिचं दार उघडलं. पुढे अनेक वर्षं कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्याला महिना ३१५० रुपये, राज्य पातळीवरच्याला २७०० आणि स्थानिकाला २२५०. गावोगाव हिंडणारा कलावंत अर्थातच शेवटच्या वर्गात. मार्च २०२४ च्या निर्णयाने ही उतरंड मोडली, सर्वांना सरसकट ५००० रुपये झाले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कलावंत गेल्यावर त्याच्या पत्नीला किंवा पतीला मानधन चालू राहतं, हेही तितकंच मोलाचं. घरच्या बाईने आयुष्यभर मागे उभं राहून झील धरलेली असते.

अटी मात्र नीट वाचायला हव्यात. वय ५० पूर्ण, कलेत किमान १५ वर्षांचं सातत्य आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत. रोजची मजुरी ३०० रुपये धरली तर वर्षात २०० दिवस काम मिळालं की माणूस मर्यादेला टेकतो. नवरा-बायको दोघं रोजाने जात असतील तर विचारायलाच नको. खरी अडचण मात्र पुराव्याची आहे. कार्यक्रमांची प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, छायाचित्रं जोडायची असतात. गोंधळाचं आवतण तोंडी येतं, सुपारी तोंडी ठरते, बिदागी पहाटे हातात पडते. प्रमाणपत्र देणार कोण? आराधी बायकांचं तर गाणंच अंगणातलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव, भासवाडी ही गावं पुराने वेढली, माणसं गेली. घरात असं पाणी शिरतं तिथे वीस वर्षांची कात्रणं टिकायची कशी?

शिकणाऱ्या मुलांसाठी दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती १९८२ पासून आहे. वय १० ते १४. देशभरात ६५० जागा, त्यांतल्या १२५ परंपरेने कला जोपासणाऱ्या घराण्यांतल्या मुलांसाठी राखीव आणि १०० आदिवासी मुलांसाठी. वर्षाला ३६०० रुपये आणि गुरूच्या फीसाठी ९००० पर्यंत. रक्कम तुटपुंजी आहे, पण शिक्षण चालू राहिलं तर ती पुढे अनेक वर्षं मिळत राहते. गोंधळ्याच्या घरातली संबळ वाजवणारी पोर नेमकी त्या १२५ जागांची हक्कदार आहे. तिच्या बापाला हे शाळेत सांगायला हवं, कारण चौदा वर्षं उलटली की वेळ गेली. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांना केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाकडून दोन वर्षं महिना ५००० रुपये मिळू शकतात. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र गुरु-शिष्य परंपरेखाली गुरूला महिना ७५००, साथीदाराला ३७५० आणि शिष्याला १५०० देतं. मला ही योजना सगळ्यांत शहाणी वाटते. तिच्यात साथीदाराची आठवण ठेवली आहे, आणि गुरूला पैसा मिळतो तो शिकवत असताना, हातपाय चालत असताना.

संगीतशिक्षणाला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न जुनाच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते दरबारी तनख्यावर विसंबून नव्हे. तिकिटाचे जलसे केले, लोकांकडून देणग्या घेतल्या, गरीब मुलं पदरी सांभाळली. त्यातून डोंगराएवढं कर्ज झालं आणि मुंबईची इमारत लिलावात गेली. तरी त्यांचे शिष्य गावोगाव पसरले, शिकवत राहिले. आपल्या मुलखातही पं. नाथराव नेरळकरांसारखा गायक नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांच्या हाताखाली तयार झाला. शिकवणारा माणूस जवळ असला की किती काय घडतं, ते यातून दिसतं.

संस्थांची गोष्ट थोडक्यात. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्या यादीत पारंपरिक कलाही आहेत. पण हा पैसा नोंदणी असलेल्या, हिशेब तपासून घेणाऱ्या संस्थेलाच मिळतो. गावचं भजनी मंडळ वर्गणीवर चालतं, त्याची कुठेच नोंद नसते. सात माणसं जमवून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. पुढची कागदपत्रं आणि दर वर्षीचं लेखापरीक्षण त्यांना झेपावं म्हणून तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने दोन-चार मंडळांना हात द्यावा.

पुराव्याच्या प्रश्नाला मात्र घरचंच उत्तर आहे. गी पॉत्व्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत नांदेड जिल्हा परिषदच लोककलेचा महोत्सव भरवते. मानधनाचे अर्जही पंचायत समितीवरून त्याच जिल्हा परिषदेकडे जात आले आहेत. माळेगावच्या मंचावर चढलेल्या प्रत्येकाची, अगदी टाळकऱ्याचीही, तशीच नाव-गावासह सहीशिक्क्याची नोंद व्हावी. ग्रामपंचायतीने गावातल्या कलावंतांची वही ठेवावी, दर वर्षी कुणी कुठे गायलं-वाजवलं ते ग्रामसभेत वाचून त्यात चढवावं आणि निवड समितीने तो उतारा पुरावा म्हणून धरावा. आज पस्तिशीत असलेल्या आराधी बाईचं नाव यंदा त्या वहीत आलं, तर पन्नाशीला तिच्या हाती १५ वर्षांच्या नोंदी असतील.