पोच मागायला शिकवणारे काम

लाच न देता सरकारी काम कसे करून घ्यावे, हे लोकांना शिकवणाऱ्याचे पद कोल्हापूर जिल्ह्यात कोणत्याही कार्यालयाच्या आकृतिबंधात नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागातले अधिकारी पोलीस दलातून येतात. त्यांचा मुख्य भर तक्रार आणि सापळा यांवर असतो. जनजागृती ते करतात, पण तिचा जोर ऑक्टोबरअखेरच्या दक्षता सप्ताहात दिसतो. उरलेल्या वर्षात गावातल्या बचत गटात, ग्रामसभेत, महाविद्यालयाच्या वर्गात हा विषय नेणारा माणूस बहुधा समाजकार्यातून आलेला असतो. वकील किंवा निवृत्त कर्मचारीही हे काम करतात, पण समाजकार्यकर्त्याची तयारी वेगळी असते. कागद कुठे अडतो, हे त्याला दुसऱ्याच्या अर्जाबरोबर हेलपाटे घालून कळलेले असते.

या तयारीची सुरुवात एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, क्षेत्रकार्यात होते. विद्यापीठ रस्त्यावरच्या छत्रपती शाहू इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कोल्हापूरकरांच्या ‘सायबर’मध्ये, हा अभ्यासक्रम चालतो. व्यक्तिसहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन वर्गात शिकवले जाते. विद्यार्थ्याला खरा धडा तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेसमोर मिळतो. निराधार विधवेला दरमहा 1500 रुपये मिळवून द्यायचे, तर उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि बँकेचे पासबुक एकाच वेळी जुळावे लागते. त्यातच सातबारा अजून पतीच्या नावावर असला, तर वारस नोंदीचे काम वाढते. वारस नोंदीचा अर्ज आधी गाव नमुना 6-क मध्ये, मग फेरफार नोंदवहीत जातो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात आणि शेवटी मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यातली प्रत्येक पायरी कायद्याने ठरलेली आहे. अर्जदार बाईला मात्र त्यातले काहीच माहीत नसते. तिला एवढेच कळते, की तलाठी भाऊसाहेब आज नाहीत आणि पुढच्या आठवड्यात या.

लाच मागितली जाते ती या न कळण्याच्या जागी. रोजच्या कामातली लाच क्वचितच बेकायदा गोष्टीसाठी असते. हक्काचे काम वेळेत व्हावे, म्हणून ती घेतली जाते. भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवणाऱ्या संथानम समितीने 1964 च्या अहवालात काम लवकर व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशाची नेमकी दखल घेतली होती. त्याच समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला.

समाजकार्यकर्त्याच्या वाटचालीतला कठीण टप्पा यानंतरचा आहे. काही वर्षांत त्याची कार्यालयातली ओळख वाढते. लिपिक त्याला बसायला खुर्ची देतात, त्याच्या शब्दावर कागद पुढे सरकतो, आणि गावात ‘त्यांच्याकडे दिलं की काम होतं’ अशी ख्याती होते. हे समाधान मोठे असले, तरी त्यात धोका आहे. लोक त्याच्यावर अवलंबून राहतात, आणि तहसीलच्या आवारात बसणाऱ्या एजंटात आणि त्याच्यात फक्त पैसे न घेण्याचा फरक उरतो. कार्यकर्ता आजारी पडला, बदलला किंवा दमला, की गाव पुन्हा एजंटाकडे जाते. लोकशिक्षणाकडे वळणारे इथे वळतात. अर्ज स्वतः न नेता अर्जदाराने नेण्याआधी तासभर तिच्याबरोबर बसायचे, असे ते ठरवतात. यात काम हळू होते, चुका होतात, संस्थेच्या वार्षिक अहवालातला ‘लाभार्थी’ हा आकडाही घसरतो. तरी खरे काम हेच आहे.

बैठकीतला पहिला धडा पोच घेण्याचा असतो. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, आवक शाखेत द्यायच्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ऐकायला हे सोपे वाटते. पण ज्या बाईने आयुष्यात कधी खुर्चीतल्या माणसाला उलट प्रश्न केलेला नाही, तिच्या तोंडून ‘साहेब, पोच द्या’ हे तीन शब्द निघणे अवघड असते. म्हणून बैठकीत तालीम घेतात. एक जणी लिपिक होते, दुसरी अर्जदार. लिपिक झालेली बाई ‘ठेवा तिथं, बघतो’ हे इतक्या हुबेहूब म्हणते की सगळ्या हसतात, कारण ते प्रत्येकीने ऐकलेले असते. अर्जदार दोनदा गप्प बसते, तिसऱ्यांदा पोच मागते. या तालमीचा उपयोग भाषणापेक्षा कितीतरी जास्त होतो. प्रामाणिकपणावरचे व्याख्यान ऐकून लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पाकीट देतात. पोच हातात असलेला अर्जदार मात्र तारीख मोजू लागतो.

तारीख मोजण्याला बळ देणारा कायदा महाराष्ट्रात आहे. लोकसेवा हक्क कायदा 28 एप्रिल 2015 पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक कार्यालयाने अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, फी आणि अपिलाचा अधिकारी फलकावर लावायचा असतो. मुदत चुकली तर अपील करता येते, आणि कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होतो. हा फलक कुठे आहे, तो कोणी वाचला, त्यावरची फी आणि प्रत्यक्ष मागितलेली रक्कम यांत फरक किती, हे शोधून आणायचे काम गटाला दिले जाते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो हे एकदा माहीत झाले, की त्यासाठी शंभराची नोट काढताना हात थांबतो.

त्यापुढे माहितीचा अधिकार शिकवला जातो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांपर्यंतचा मजकूर, तीस दिवसांची मुदत आणि उत्तर न आल्यास पहिले अपील, एवढे एका बैठकीत बसते. ‘भ्रष्टाचार का झाला’ असा प्रश्न अर्जात विचारू नये, ‘अमुक रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक आणि देयकाची प्रत द्यावी’ असे लिहावे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. राज्य शासनाच्या 2018 च्या निर्णयाने जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय झाली. चंदगड किंवा गगनबावडा तालुक्यातल्या माणसाला तालुक्याच्या गावी बाजार करून ही पाहणी करता येते. फार थोड्या लोकांना ही सोय माहीत आहे, म्हणून शिकवणीत तिला ठळक जागा असायला हवी.

लाच मागितली गेलीच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर तक्रार होते. इथे लोकांची भीती दोन गोष्टींची असते: आपलेच पैसे अडकतील आणि काम कायमचे बंद पडेल. त्यामुळे प्रक्रिया पायरीपायरीने सांगतात. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते. मग नोटांचे क्रमांक नोंदवून त्यांना पावडर लावतात आणि सापळा रचतात. सापळ्यातली रक्कम तक्रारदाराला परत मिळण्याची व्यवस्था आहे, आणि अडलेले वैध काम पूर्ण व्हावे म्हणून विभाग पाठपुरावाही करतो. लाच घेणाऱ्याला 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खाली तीन ते सात वर्षे कैद आहे. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणेही सरळ गुन्हा ठरले. सक्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण मिळते. ‘देऊन मोकळं व्हा’ हा गावातला सल्ला आता देणाऱ्यालाच गोत्यात आणतो, हे बैठकीत स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

ही वाट नवी नाही. राजस्थानात अरुणा रॉय 1975 मध्ये भारतीय प्रशासकीय सेवा सोडून तिलोनियाच्या समाजकार्य केंद्रात गेल्या. पुढे 1990 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली आणि तिने गावकऱ्यांसमोर हजेरीपट वाचून दाखवणारी जनसुनवाई रुजवली. राळेगणसिद्धीत पाणलोटाचे काम केलेल्या अण्णा हजारे यांनी 1991 मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन सुरू केले. खुद्द कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावाच्या दप्तरावरची वंशपरंपरागत सत्ता मोडण्याचे ते पाऊल होते. अलीकडच्या काळात डाव्या चळवळीतले नेते प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या सहभागाने चाललेल्या टोलविरोधी लढ्यात रस्त्यांचा करार आणि त्यांचे मूल्यांकन यांवर चौकाचौकांत चर्चा झाली. 2015 च्या अखेरीस शहराचा टोल रद्द झाला. सामान्य माणूस करार वाचू लागला, तर काय होते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसऱ्या जिल्ह्याला क्वचितच मिळेल.

या कामात जिवाची जोखीमही आहे. इचलकरंजीतले माहिती अधिकार कार्यकर्ते दत्ता पाटील यांची 2010 मध्ये हत्या झाली. त्यामुळे अनुभवी कार्यकर्ते एकट्या माणसाला मोठ्या प्रकरणाचा अर्ज करू देत नाहीत. अर्ज अनेकांच्या नावाने, वेगवेगळ्या गावांतून जातात, आणि मिळालेले कागद ताबडतोब ग्रामसभेत वाचले जातात. माहिती एकाच्या घरात राहिली नाही, की त्या एकट्याला गाठण्याचा उपयोग उरत नाही.

अशा कार्यकर्त्याच्या पगाराचा प्रश्न सुटलेला नाही. संस्थांचे प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात आणि लाच न दिल्याची पावती देणगीदाराला दाखवता येत नाही. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण हा या शिक्षणाला कायद्याने मिळालेला एक नियमित आधार आहे. जिल्ह्यात बारा तालुके आणि हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी यांतल्या एकेका गावाच्या ग्रामसभेशी वर्षभर जोडून द्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, महाविद्यालयाचे एक पत्र आणि ग्रामपंचायतीची त्यावरची पोच पुरेशी आहे.