खिशात मावेल असे पिस्तूल

खिशातले पिस्तूल म्हणजे तळहाताहून थोडे मोठे, अर्धा ते पाऊण किलो वजनाचे, सदऱ्याखाली झाकले जाईल असे शस्त्र. विसाव्या शतकाच्या तोंडावर जॉन ब्राउनिंग या अमेरिकी रचनाकाराने बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी असे पिस्तूल घडवले आणि त्याच्यासाठी ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे ०.३२ बोअरचे आखूड काडतूस तयार केले. पुढे १९०३चे कोल्ट, १९३१चे वॉल्थर पीपीके अशी अनेक नावाजलेली पिस्तुले याच काडतुसावर निघाली. बाकी जग पुढे ९ मिलिमीटरकडे वळले. भारतातला परवानाधारक मात्र आजही ०.३२वरच आहे, आणि त्याचे कारण आवडीनिवडीत नसून कायद्यात आहे.

१९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम यांनी लष्कराच्या व पोलिसांच्या वापरातले बोअर नागरिकांना निषिद्ध ठरवले आहेत. ९ मिलिमीटर त्यातच येतो. निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची कैद आहे. साध्या बोअरचे शस्त्र विनापरवाना सापडले तरी २ ते ५ वर्षे. नागरिकाला मोकळे आहेत ते ०.३२, ०.२२, ०.२५ असे थोडे लहान बोअर. शिवाय ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद आहे; सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. त्यामुळे परदेशी मासिकांतली ‘उत्तम दहा पिस्तुले’ छापाची यादी इथल्या ग्राहकाच्या काही कामाची नाही. बंदीपूर्वी आलेली जुनी वॉल्थर, कोल्ट, वेब्ली विक्रेत्यांमार्फत हातोहात फिरतात आणि त्यांच्या गुणवत्तेपेक्षा दुर्मीळपणालाच अधिक किंमत मोजावी लागते.

पिस्तूल निवडण्याआधी परवाना लागतो. ठाणे जिल्ह्यापुरते पाहायचे तर ठाणे, कल्याण, भिवंडी ही शहरे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, तिथे परवाना पोलीस आयुक्त देतात. शहापूर आणि मुरबाड हे तालुके ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने तिथला अर्ज जिल्हादंडाधिकारी म्हणून ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याच्या अर्जदाराची चौकशी कसारा पोलीस ठाण्यातूनच होते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. धंदा, पेशा किंवा अन्य कारणाने जिवाला वा मालमत्तेला खरोखर संरक्षणाची गरज आहे हे दाखवावे लागते. रोजची रोकड बँकेत नेणारा पेट्रोलपंपचालक किंवा सराफ हे कारण मांडू शकतो. नुसती हौस हे कारण होत नाही.

या पट्ट्यात शस्त्र परवाना म्हटले की पूर्वापार आठवते ती बारा बोअरची नाहीतर ठासणीची बंदूक. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद अधिनियमातच आहे. पिस्तुलाचा परवाना ही त्याहून वेगळी बाब. भातशेतीत शिरणाऱ्या रानडुकरांवर किंवा तानसा अभयारण्याच्या कडेला दिसणाऱ्या बिबट्यावर खिशातल्या पिस्तुलाचा काही उपयोग नाही. एवढ्या लहान गोळीने मोठे जनावर जखमी होऊन अधिकच धोकादायक होते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचा गुन्हा ओढवतो तो निराळाच. परवान्यावर लिहिलेली हद्दही इथे बारकाईने वाचावी लागते. कसारा हे ठाणे जिल्ह्याचे टोक. घाट चढून इगतपुरीला पोचले की नाशिक जिल्हा सुरू होतो. परवाना जिल्ह्यापुरता आहे, राज्यभराचा आहे की देशभराचा, यावर घाटाच्या वरच्या अंगाला तेच शस्त्र कायदेशीर की बेकायदा हे ठरते.

बाजारात नवे, देशी आणि सहज मिळणारे पर्याय मोजकेच आहेत. कानपूरच्या आयुध निर्माणीचे ०.३२चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर हा सर्वात रुळलेला पर्याय. जुन्या वेब्लीच्या धर्तीवर ते मधोमध मोडून उघडते आणि रिकामी टरफले एकदम बाहेर पडतात. २०१४ मध्ये तिथूनच ‘निर्भीक’ आले: टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन ५०० ग्रॅम, किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात. महिलांसाठीचे शस्त्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. त्याची नळी ७६ मिलिमीटरची, वजन काडतुसांविना ७०० ग्रॅम, आणि चक्र बाजूला सरकून उघडणारे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल निर्माणीत ०.३२चे ‘अशनी’ हे पिस्तूल बनते. जेमतेम २५० ग्रॅमचे ०.२२चे ‘निडर’ रिव्हॉल्वरही तिथलेच. अलीकडे खासगी कारखानेही या धंद्यात उतरले आहेत. चोरून विकला जाणारा गावठी कट्टा या यादीत बसत नाही. त्याच्या नळीची दाबचाचणी झालेली नसते, आणि ती फुटली तर आधी जातो तो चालवणाऱ्याचा हात.

रिव्हॉल्वर घ्यावे की पिस्तूल, हा पहिला खरा प्रश्न. पिस्तूल चपटे असते, सात-आठ काडतुसे घेते आणि कपड्याखाली उठून दिसत नाही. पण ०.३२ची छोटी पिस्तुले बहुधा अगदी साध्या तत्त्वावर चालतात. गोळी सुटताना स्लाइडला, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागाला, अडवणारी वेगळी कळ नसते. स्लाइडचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच सारा भार असतो. म्हणून ती स्प्रिंग ताठ ठेवावी लागते, आणि बोटांत जोर कमी असलेल्या माणसाला स्लाइड मागे खेचताना नाकी नऊ येतात. काडतूस फुसके निघाले तर स्लाइड पुन्हा खेचून ते बाहेर काढावे लागते, आणि घाबरलेल्या हातांकडून हे सहज होत नाही. रिव्हॉल्वरमध्ये अशा वेळी चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते. भरलेले आहे की रिकामे, हे चक्र उघडताच डोळ्यांना दिसते. महिनोन्‌महिने सराव न करणाऱ्या माणसासाठी रिव्हॉल्वर निःसंशय बरे. त्याचा दोष चापात आहे: घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर चार-पाच किलोंचा जोर लागतो. अर्ध्या किलोच्या शस्त्रावर त्याच्या वजनाच्या आठ-दहा पट जोर एका बोटाने लावला की नळी हलतेच.

रिव्हॉल्वरचे ०.३२ आणि पिस्तुलाचे ०.३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. व्यास जवळपास सारखा असला तरी लांबी आणि बुडाची कड वेगळी असते, तेव्हा एकाची दुसऱ्यात घालू नयेत.

शस्त्र जेवढे लहान तेवढा नेम अवघड, आणि हे साध्या गणिताने दाखवता येते. नेम धरताना मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा उंचवटा एका रेषेत आणायचा असतो. या दोहोंतले अंतर १०० मिलिमीटर असेल आणि उंचवटा फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकला, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते आणि २५ मीटरवर २५ सेंटिमीटर. स्पर्धेतल्या २५ मीटर पिस्तुलात हे अंतर २२० मिलिमीटरपर्यंत ठेवता येते. तिथे तीच चूक २५ मीटरवर ११ सेंटिमीटरच्या आसपास राहते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण जिंकले तो हाच. त्या पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते, चाप निदान १ किलोचा लागतो आणि काडतूस असते ०.२२चे, धक्का जेमतेम जाणवणारे. वजनदार शस्त्र, हलका चाप, लांब नेमरेषा आणि कमी धक्का या चारही सोयी तिथे नेमबाजाच्या बाजूने असतात. खिशातल्या पिस्तुलात चारही उलटतात. म्हणूनच ‘माझ्यासारख्या नवख्याला छोटेच बरे’ ही सर्रास ऐकू येणारी समजूत साफ चुकीची आहे. छोटे शस्त्र घ्यायला सोपे, वागवायला सोपे, चालवायला सर्वात कठीण.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून शस्त्र रिकामे करून, उघडून, स्वतः पाहून मगच हातात घ्यावे. मूठ धरल्यावर करंगळी खाली लोंबकळत असेल तर पकड अपुरी आहे. बोटाचे पेर चापावर नीट बसते का, तळहात न सरकवता चाप शेवटपर्यंत येतो का, स्लाइड दहा वेळा खेचता येते का, हे तिथेच कळते. जुन्या शस्त्रात नळीच्या आतल्या खाचा उजेडात बघाव्यात. गंजाचे ठिपके असतील तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये. सेफ्टी लावून चाप ओढून पाहावा. बऱ्याच जुन्या पिस्तुलांत खाली पडल्यावर गोळी सुटू नये यासाठीचा अंतर्गत अडसर नसतो. असे पिस्तूल नळीत काडतूस ठेवून वागवणे धोक्याचे. मॅगझिन भरलेले आणि नळी रिकामी हीच त्याची रीत.

शस्त्र कसे वागवायचे हेही २०१६च्या नियमांत लिहिलेले आहे. सार्वजनिक जागी हातशस्त्र अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. कमरेला दिसेल असे लावून लग्नात मिरवणे हा रुबाब नसून नियमभंग आहे. आनंदाच्या भरात गोळीबार करून कोणाच्या जिवाला धोका निर्माण केला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हळदीच्या मांडवात हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

झाकण्याची खरी परीक्षा गर्दीत होते. संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये दारातून आत शिरताना चारही बाजूंनी रेटा बसतो, कोणाची पिशवी कमरेत रुतते, कोणाचे कोपर खिशावर येते. अशा वेळी चाप उघडा राहणारे ढिले कापडी कव्हर काही कामाचे नाही. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे, पट्ट्याला ते घट्ट बसले पाहिजे आणि शस्त्र उलटे केले तरी सुटता कामा नये. पँटच्या खिशात ठेवायचे असेल तर खिशासाठीचे होल्स्टर हवेच, आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ली किंवा नाणे चापात अडकून गोळी सुटू शकते. खांद्याची बॅग गर्दीत सर्वात वाईट, कारण बॅग चोरीला गेली की शस्त्रही गेले.

सरावासाठी या भागातून मुंबईकडेच जावे लागते. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज वरळीला आहे. कसाऱ्याहून लोकलने दादर गाठायचे तरी अडीच तासांच्या आसपास मोडतात. पनवेलला ऑलिम्पिकपटू सुमा शिरूर यांचे लक्ष्य शूटिंग क्लब आहे. बऱ्याच क्लबांत १० मीटरची एअर पिस्तूल रेंजच असते. म्हणून स्वतःचे ०.३२ तिथे चालवता येईल का, हे आधी विचारून जावे. एअर पिस्तुलाला मात्र कमी लेखू नये. ४.५ मिलिमीटर बोअरचे आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचे एअर पिस्तूल परवान्याविना घेता येते, छऱ्यांचा खर्च काडतुसांच्या मानाने नगण्य असतो, आणि नेमरेषा, श्वास व चाप यांची शिस्त त्यावर तंतोतंत तीच लागते. परवान्यावर वर्षाच्या काडतुसांची मर्यादा असते; ती सारी मूलभूत चुका सुधारण्यात उडवणे परवडणारे नाही.

घरी रिकाम्या शस्त्राने सराव करता येतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, चक्र किंवा नळी दोनदा तपासावी, भरीव भिंतीकडे तोंड करावे आणि नळीच्या टोकाकडे एक नाणे ठेवून चाप ओढावा. नाणे पडले नाही तर चाप सरळ मागे आला. पहिल्या दिवशी बहुतेकांचे पडते. ०.२२च्या शस्त्रावर हा प्रयोग नकली काडतूस घातल्याशिवाय करू नये, त्याची पिन नळीच्या कडेवर आपटून खराब होते. रेंजवर सुरुवात ५ ते ७ मीटरपासून करावी. स्वसंरक्षणाचे प्रसंग बहुधा एवढ्याच अंतरावर घडतात आणि खिशातल्या पिस्तुलाची खरी कुवतही तेवढीच.

घाटमाथ्याखालच्या या प्रदेशात शस्त्राचा मोठा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर हवा दमट, त्यात अंगाचा घाम. निळसर पॉलिशच्या पोलादावर आठवड्यात तांबूस ठिपके दिसू लागतात. वागवलेले शस्त्र रोज कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. जास्त तेल ओतू नये, ते काडतुसाच्या टोपीत झिरपून ते फुसके करते. चामडी होल्स्टरमध्ये शस्त्र साठवून ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, बनणाऱ्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ असा छाप असतो. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, शस्त्रापासून वेगळी, कुलपात ठेवावीत, आणि जुनी आधी रेंजवर संपवावीत.

शस्त्र चालवण्याची वेळ आलीच तर भारतीय न्याय संहितेतला खासगी बचावाचा हक्क, कलम ३४ ते ४४, लागू होतो. धोका असेल तेवढ्यापुरताच तो असतो. पळणाऱ्या चोरावर मागून गोळी झाडणाऱ्याला त्याचा आधार मिळणे अवघड. परवान्याची मुदत २०१९च्या दुरुस्तीपासून ३ऐवजी ५ वर्षांची झाली आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रे ठेवता येतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. जमा करताना पावती घ्यावी, परत घेताना क्रमांक जुळवून पाहावा. परवानाधारक वारला तर वारसाला ते शस्त्र घरात तसेच ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि परवाना नको असेल तर विक्रेत्यामार्फत ते दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे.