साथ का चढते आणि का ओसरते?



साथ ओसरली की "आता सगळ्यांना होऊन गेली" असे आपण म्हणतो. गणित वेगळे सांगते.

मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला आणि वर्षानुवर्षे त्याच्या लाटा येत राहिल्या. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील दर आठवड्याच्या मृत्यूंचे आकडे घेऊन कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या स्कॉटिश संशोधकांनी १९२७ साली आपले सूत्र पडताळले. मॅकेंड्रिक पूर्वी हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत डॉक्टर होते.

त्यांनी लोकांचे तीन गट केले : आजार होऊ शकेल असे, आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. समजा, एक रुग्ण दोघांना आजार देतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ होतात. पण निम्मे लोक सुरक्षित झाले की तोच रुग्ण सरासरी एकालाच आजार देऊ शकतो. तेथून लाट उतरू लागते. म्हणजे साथ संपते तेव्हाही काहीजण तिच्या तावडीतून सुटलेले असतात. पुढच्या साथीला तेच सापडतात.

सूत्राला मर्यादाही आहेत. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे त्या दोघांनीही मान्य केले होते. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप गोचिडींमुळे होतो, माणसाकडून माणसाला नाही. त्याला हा हिशोब लागत नाही.

गोवराला मात्र तो चांगला लागतो. लस नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. म्हणून तो थोपवायला शंभरातील सुमारे ९५ जण सुरक्षित असावे लागतात. येथे सरासरी फसवते. तालुक्याचा आकडा ९५ टक्के असला, तरी एखाद्या कातकरी वस्तीतील वीस मुलांपैकी बारा मुले लसीविना असू शकतात. आईबाप वीटभट्टीवर गेले की मुलांचे डोस चुकतात, आणि ही मुले एकाच ठिकाणी, एकमेकांच्या सोबत राहतात. ठिणगी पडायला तेवढे पुरते.

म्हणून वस्तीभेटीला जाल तेव्हा लसीकरणाचे कार्ड जरूर पाहा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. राहिला असेल, तर कुटुंब कामावर निघण्याआधी आशाताईंना कळवा. डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतो.