चौथ्या जागेचा जमाखर्च

मे महिना लागला की आमच्या सुकापुरात आंब्याच्या पेट्यांबरोबर आणखी एक विषय घरोघर उघडला जातो. मुंबई इंडियन्स पहिल्या चारात येणार की नाही? माथेरान रस्त्याला लागून जी गृहसंकुले उभी राहिली, त्यांतल्या कोणत्याही इमारतीखालच्या बाकावर संध्याकाळी जाऊन बसा. भाजी, पाणी आणि पार्किंग यांच्यानंतर चौथा विषय हाच. आमच्या सोसायटीत तो शेवटी माझ्याकडे येतो. मी कादंबऱ्या लिहितो हे इथे दोघातिघांनाच ठाऊक असेल. पण ‘साहेब बँकेत होते, त्यांना विचारा’ हे मात्र लहान मुलेसुद्धा जाणतात.

विचारायचे असते ते बहुधा निव्वळ धावगतीबद्दल. ज्याला घरातली पोरे ‘नेट रनरेट’ म्हणतात, ते प्रकरण तसे सोपे आहे. संपूर्ण मोसमात आपण केलेल्या धावा भागिले आपण खेळलेली षटके, त्यातून वजा आपण दिलेल्या धावा भागिले आपण टाकलेली षटके. पुष्कळ जण प्रत्येक सामन्याची धावगती काढून तिची सरासरी मारतात, ते चूक. पूर्वी बचत खात्याचे व्याज काढताना आम्ही ‘प्रॉडक्ट’ काढत असू, तसाच हा मामला आहे. आधी सगळ्या बेरजा, मग एकदाच भागाकार. आणखी एक मेख अशी की, संघ सर्व बाद झाला तर तो बारा षटकांत गुंडाळला गेला असला, तरी हिशेबात वीसच षटके धरतात. हे ऐकून बाकावरची मंडळी हळहळतात.

या हिशेबाचा सर्वात रंगलेला दिवस म्हणजे २५ मे २०१४. त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीमुळे मोसमाचा पहिला टप्पा अरबस्तानात झाला आणि तिथे मुंबई पाचही सामने हरली. पुढे कसेबसे सावरत गाडी वानखेडेवरच्या शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत आली. समोर राजस्थान, त्यांच्या १८९ धावा. नुसते जिंकून भागणार नव्हते. राजस्थानची धावगती मागे टाकायची, तर १९० धावा १४.३ षटकांतच करायला हव्या होत्या. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा झोडल्या. १४.३ षटके झाली तेव्हा धावा बरोबर १८९! बरोबरी झाली आणि रायुडू धावबाद. सगळे संपले असे वाटत असतानाच कळले की पुढच्याच चेंडूवर चौकार किंवा षटकार गेला, तर अजूनही जमते. आदित्य तरे आला आणि त्याने फॉकनरचा पहिलाच चेंडू लेगला प्रेक्षकांत भिरकावला. राजस्थानच्या तंबूत राहुल द्रविडसारख्या माणसाने डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. क्लोजिंगच्या रात्री ताळेबंदातला एका पैशाचा फरक सापडल्यावर आमच्या शाखेत जी आरोळी उठायची, ती मला त्या वेळी आठवली.

तीन दिवसांनी ब्रेबोर्नवर चेन्नईने मुंबईला सात गडी राखून घरी पाठवले. हे मात्र कोणी सांगत नाही. तरेचा षटकार सांगतात.

दुसरा प्रसंग ८ ऑक्टोबर २०२१ चा, अबूधाबीचा. कोलकात्याला मागे टाकायचे तर हैदराबादला १७१ धावांनी हरवायला हवे होते. वीस षटकांच्या खेळात १७१ धावांनी! तरी इशान किशनने ३२ चेंडूंत ८४ आणि सूर्यकुमारने ४० चेंडूंत ८२ धावा करून धावफलक २३५ वर नेला, आणि आमच्या घरातही कागद-पेन्सिल निघाली. म्हणजे हैदराबादला ६४ च्या आत रोखायचे. त्यांनी पासष्टावी धाव घेतली तेव्हा दहा षटकेही झाली नव्हती. मुंबई सामना ४२ धावांनी जिंकली, आणि जिंकूनही बाहेर पडली.

आता माझे मत. बाकावर ते फारसे रुचत नाही.

पहिल्या चारात येणे ही मुंबईसाठी मोठी गोष्ट नाही. पहिल्या दोघांत येणे ही आहे. २०११ पासून बाद फेरीची जी पद्धत आहे, तिच्यात पहिल्या दोन संघांना अंतिम सामना गाठण्याची दोनदा संधी मिळते. तिसऱ्या-चौथ्याने एकदा पाय घसरला की घर गाठायचे. करंडक हवा तर सलग तीन सामने जिंकायचे. २०११ ते २०२५ या पंधरा मोसमांत चौथ्या जागेवरून एकाही संघाने करंडक उचललेला नाही. तिसऱ्या जागेवरून एकदाच, २०१६ मध्ये, हैदराबादने. मुंबईचे पाचही करंडक – २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० – पहिल्या किंवा दुसऱ्या जागेवरून आलेले आहेत. वरची जागा म्हणजे करंडकच, असेही नाही. २०१० मध्ये मुंबई गुणतक्त्यात अव्वल होती आणि अंतिम सामना पनवेलहून लोकलने सहा स्टेशनांवर, नेरुळला होता. चेन्नईने तिथे २२ धावांनी हरवले.

मुंबईची खोड वेगळीच आहे. २०१३ ते २०२५, सलग तेरा वर्षे, हा संघ मोसमातला पहिला सामना हरला. त्याचे आपण कौतुकच केले. ‘पहिला सामना देवाला’ असे आमच्याकडे म्हणतात. २०१५ मध्ये पहिले चारही सामने हरून मुंबई १६ गुणांवर दुसरी आली आणि विजेतीही झाली. तेव्हापासून या उशिरा जागे होण्याला चारित्र्याचे लक्षण मानण्याची पद्धत पडली. परंतु तेव्हा संघ आठ होते. २०२२ पासून ते दहा झाले, आणि २०२२ ते २०२५ या चार मोसमांत दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे गुण १७ च्या खाली एकदाही आलेले नाहीत. म्हणजे १६ गुणांत पूर्वी जे मिळाले ते आता मिळत नाही; महागाई इथेही आहेच. एप्रिलमध्ये गमावलेले गुण मे महिन्यात भरून निघतात, पण ते चौथ्या जागेपुरते.

२०२३ चेच पाहा. २१ मे रोजी बेंगळुरूमध्ये शुभमन गिलने शतक ठोकले, बेंगळुरूचा संघ हरला आणि मुंबई चौथी आली. सुकापुरात त्या रात्री गिलच्या नावाने फटाके वाजले. आकाश मधवालने लखनौचे पाच गडी पाच धावांत टिपले तेव्हा तर करंडक हातात आल्यासारखेच वाटले. मग २६ मे रोजी अहमदाबादला त्याच गिलने ६० चेंडूंत १२९ धावा करून मुंबईला बाहेर काढले. ज्याने दार उघडले त्यानेच पाच दिवसांत लावले. कादंबरीत मी असे लिहायला धजलो नसतो.

आणि २०२५. पहिल्या पाचांपैकी चार पराभव, नंतर सलग सहा विजय. निव्वळ धावगती १.१४२, दहाही संघांत सर्वात सरस. तरी जागा चौथी, कारण गुण १६ च. धावगतीला किंमत येते ती गुण सारखे झाल्यावर. जयपूरला पंजाबविरुद्धचा शेवटचा साखळी सामना जिंकला असता, तर पहिल्या दोघांत जागा नक्की होती. तो सात गडी राखून पंजाबने नेला. गुजरातला नमवून मुंबई पुन्हा पंजाबसमोर आली, १ जूनला अहमदाबादला. पावसाने सामना दोन तासांहून अधिक लांबला. मुंबईच्या २०३ धावा. आयपीएलमध्ये पहिली फलंदाजी करताना दोनशे ओलांडून हा संघ तोवर कधी हरला नव्हता. रात्रीचा दीड वाजून गेला होता. श्रेयस अय्यर ४१ चेंडूंत नाबाद ८७ धावा करून, षटकार मारून, शांतपणे परत निघाला. शेजारचे बेस्टमधून निवृत्त झालेले गृहस्थ आमच्याकडेच सामना पाहत होते. ते काहीच बोलले नाहीत. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पण हा आपलाच मुलगा ना?”

आपलाच. मुंबईच्या मैदानांवर वाढलेला, २०२४ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध मुंबईसाठी ९५ धावा काढणारा. मग त्या रात्री आपण कोणाच्या बाजूने होतो? लिलावात बांधलेल्या संघाला मुंबई म्हणायचे की मुंबईत घडलेल्या पोराला?

हा प्रश्न आम्हा सुकापूरकरांना जरा जास्तच बोचतो. इथली निम्मी माणसे परळ-लालबाग, चिंचपोकळी, गिरगाव इथल्या खोल्या सोडून आलेली. प्रॉव्हिडंट फंडात तिकडे एक भिंत आली नसती. इथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी आली. जिल्हा रायगड. क्रिकेटच्या कारभारात तर रायगड मुंबईकडे नाहीच, तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतो, आणि रणजी करंडकात मुंबई व महाराष्ट्र हे दोन वेगळे संघ असतात. म्हणजे माझा नातू उद्या नाव काढील तर रीतसर मुंबईविरुद्ध खेळेल. आमच्या लहानपणी मुंबईने ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला, तेव्हा ‘जर-तर’चा हिशेब कोणी मांडला नव्हता, मुंबई जिंकायची आणि आपण मुंबईत राहायचो. आता मुंबईत आपण राहत नाही. निळा सदरा घालून टीव्हीपुढे बसतो तेवढीच काय ती रहिवासाची पावती.

म्हणूनच बाकावर चौथ्या जागेचा एवढा घोर लागतो. बाहेरून येऊन, शेवटच्या डब्यात लटकून, आत शिरायला मिळाले की त्यातच धन्यता मानणारी आम्ही माणसे आहोत. शेजारचे गृहस्थ म्हणतात, “साहेब, आत तर शिरू द्या, बसायला जागा नंतर मिळते.” हार्बर लाईनवर तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाशी यावर वाद काय घालणार?

तरी माझा ठोकताळा त्यांना मी दरवर्षी सांगतो. पहिल्या सात सामन्यांत पाच विजय असतील तरच करंडकाच्या गोष्टी बोलाव्यात. चार असतील तर पहिल्या चाराच्या. तीन किंवा कमी असतील तर कागद-पेन्सिल काढावी. ते शांतपणे ऐकून घेतात, आणि पहिला सामना हरल्याबरोबर पेन्सिल मागायला येतात.